न मोडणारे दार

चित्रपटांसाठी दारे करणे हा मिस्त्रींचा आयुष्यभराचा व्यवसाय, आणि ती सारी दारे मोडण्यासाठीच जन्मास येत. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, अशा कथांचे चित्रपट त्यांच्या स्टुडिओत एकामागून एक निघाले, आणि प्रत्येकात त्या अभाग्याने फोडलेले दार मिस्त्रींच्या हातचे असे. हलक्या फळ्यांना पाठीमागून करवतीचे अर्धे काप द्यायचे, ते लाकूड चिकटवायच्या सरसात कालवलेल्या भुशाने बुजवायचे, वरून रंगाचा हात फिरवायचा. मग नटाने नुसता खांदा लावला, तरी प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकावा असे ते फुटे.

त्यामुळे या चित्रपटांविषयी मिस्त्रींचे मत ठाम होते, आणि पत्नीचे त्याहून ठाम.

"केस, सुळे, नखं ही रंगभूषेची कामं," मिस्त्री म्हणत. "लांडगामाणसाचा चित्रपट उभा राहतो तो दारावर. तो गिरणीवाला आठव. चंद्र वर यायच्या आधी आपल्या पायांनी तळघरात उतरतो आणि बायकोला म्हणतो, बाहेरून कडी लाव. लांडगा काय, कोणीही दाखवील. स्वतःला कोंडून घ्यायला सांगणारा माणूस दाखवायला छाती लागते."

"आणि सकाळ?" पत्नी विचारी. "तो पोस्टमन गवतात जागा होतो, हातांकडे बघतो आणि म्हणतो, मी काय केलं? मी बाकीचा आरडाओरडा सोसते तो तेवढ्यासाठी."

"आणि दर वेळी रडतेस."

"मग काय, तुमची दारं बघून रडू?"

पुढे एकदा परांचीवरून पडून मिस्त्रींच्या डोक्याला मार बसला. जखम भरून आली; परंतु त्यानंतर अधूनमधून, सरस कोठेही तापत नसताना, त्यांच्या नाकाला तापलेल्या सरसाचा वास येऊ लागला. तो आला की क्षणार्धात त्यांची शुद्ध हरपे, आणि देहात जे कोणी उरे ते हाती लागेल ते फोडी, समोर येईल त्याला मारी. आवेग ओसरल्यावर त्यांना काहीही स्मरत नसे. औषधांनी खेपा विरळ झाल्या, थांबल्या नाहीत. मुलगी माहेरी आली असताना त्यांनी भिरकावलेले स्टूल तान्ह्या नातीच्या पाळण्यावर आदळले. बाळाला उचलून मुलगी त्याच पावली निघून गेली.

तेव्हा मिस्त्रींनी आयुष्यातले पहिले खरे दार केले. मागच्या खोलीला अखंड सागवानी फळ्या, आडव्या लोखंडी पट्ट्या, बाहेरून कडी-कोयंडा, आणि तोंडाच्या उंचीवर हात जेमतेम जाईल एवढा झरोका, त्याला बाहेरून सरकणारे झाकण. आत एका गादीवाचून काही नाही. वास आला की ते आत जात. पत्नी कुलूप घाली आणि सारे शांत होईपर्यंत झरोक्यापाशी उभी राही.

"गिरणीवाल्याची बायको झालीस बघ," पहिल्या खेपेनंतर ते म्हणाले होते. ती हसली नव्हती.

मुलीला मात्र तिने फोनवर सांगितले, की बाबा आता अगदी बरे आहेत. असत्याचे तिला भय वाटे. परंतु नातीचे बोबडे बोल फोनवरच ऐकत आयुष्य सरेल, हे भय त्याहून मोठे होते. अखेर मुलगी यायला तयार झाली.

"एवढी एकच वेळ, आई. पुन्हा तसं काही झालं, तर मला बोलवू नकोस."

ती आली तेव्हा दुपारचे ऊन ओटीवर उतरले होते. पिटुकलीने आजोबांची मिशी मुठीत धरली ती सोडीचना.

"अजून त्या लांडग्यांवरून भांडता का हो तुम्ही दोघं?" मुलीने विचारले.

"भांडण कसलं? तुझ्या आईला दारातलं काही कळत नाही."

"मला शाळेतल्या बाईंचा चित्रपट आवडायचा. त्या लांडगी होतात तरी वर्गातल्या मुलांना ओळखतात, कुणालाच काही करत नाहीत."

"तो चित्रपट खोटा आहे," मिस्त्री म्हणाले. मिशी त्यांनी हलकेच सोडवून घेतली. "ओळखता आलं असतं, तर दार कशाला लागलं असतं?"

बाळ पेंगू लागले. पत्नी चहाचे आधण ठेवायला उठली. कपबशा घेऊन ती बाहेर आली तेव्हा मुलीची मांडी रिकामी होती.

"बाळ कुठंय?"

"मागच्या खोलीत निजवली. गादी होती, अंधारही छान होता."

पत्नी कपबशांसकट तशीच मागच्या खोलीकडे वळली. त्याच क्षणी मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांचे नाक आक्रसले होते.

"अगं," ते म्हणाले, "सरस."

ते मागच्या खोलीपाशी गेले. गादीवर नात मुठी मिटून निजली होती. जगात त्यांना कोंडू शकेल असे एकच दार होते, आणि त्याच्या आत ती होती.

"आत जा," ते मुलीला म्हणाले. "बाळापाशी."

"बाबा, झालंय काय?"

"जा म्हणतो ना!"

ती बाळाकडे धावताच त्यांनी दार ओढले, कडी घातली, कुलूप लावले, आणि झरोक्यातून किल्ली आत टाकली.

"कुणालाही देऊ नकोस. मी मागितली तरी. अगदी माझ्याच आवाजात मागितली तरी." मग पत्नीला म्हणाले, "तू रस्त्यावर जा. घराला बाहेरून कडी लाव."

परंतु आधणाखाली जाळ पेटलेला होता. तो विझवून ती वळली, तोवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ते उभे होते, आणि ते मिस्त्री नव्हते.

मुलीने फुटणाऱ्या कपबशा ऐकल्या. उघड्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात तिने दाराची आतली बाजू प्रथमच पाहिली: नखांचे ओरखडे, आणि खांद्याच्या उंचीवर सागवानातही पडलेला खळगा. बाबा बरे आहेत म्हणजे काय, ते तिला त्या लाकडाने सांगितले. बाळ जागे होऊन रडू लागले, तशी पावले दाराकडे आली. दाराला धडक बसली. दुसरी बसली. दार हलले नाही. मग झरोक्यातून एक हात मनगटापर्यंत आत आला आणि हवेत चाचपू लागला. त्याच हाताने तिला सायकल शिकवली होती. बाळाचे तोंड छातीशी दाबून ती कोपऱ्यात सरकली.

"अहो!" बाहेरून आईचा आवाज आला. ती ताटावर पळी बडवीत होती. "इकडे! माझ्याकडे या! इकडे बघा!"

हात मागे गेला. पावले त्या आवाजाकडे वळली. पुढचे मुलीने डोळे मिटून ऐकले, परंतु कान मिटता येत नाहीत.

कितीतरी वेळाने सारे निःशब्द झाले, आणि त्या शांततेत मिस्त्रींचा थकलेला, अगदी सौम्य आवाज आला.

"मी काय केलं?"

मुलगी झरोक्याशी आली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर भलत्याच कोनात पडला होता. तिच्या आवडीचा प्रसंग आला होता, आणि या खेपेस ती रडत नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

मिस्त्रींनी तो हात पाहिला. मग दाराकडे पाहून विचारले, "बाळ?"

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. किल्ली धरलेला हात तिने झरोक्याबाहेर काढला. ते अगदी जवळ होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माझ्याकडे नको. तिच्याकडे."

पत्नी उठली आणि डाव्या हाताने कुलुपाशी झटू लागली. किल्ली तिच्या हातून पुनःपुन्हा निसटत होती. दार उघडताच मुलगी बाळाला घेऊन बाहेर पडली.

"तू खोटं बोललीस, आई."

"हो."

"चल. हात दाखवून येऊ."

"आधी यांना आत घालू दे. कधी कधी लागोपाठ येतं."

मिस्त्री आपणहून आत गेले. पत्नीने डाव्या हाताने कडी उचलून पाहिली; ती तिला उचलेना. मुलगी क्षणभर उभी राहिली. मग बाळाला कडेवर सरकवून तिने दार ओढले, कडी घातली आणि कुलूप लावले.

"गच्च लाव," आतून आवाज आला.

"लावलंय." ती वळली, दोन पावले गेली, आणि पुन्हा झरोक्यापाशी आली. तिचा स्वर कोरडा होता. "बाबा, या दाराला आतून कडी का नाही?"

"आतून कशाला? आत तर मीच असतो."

"पुढच्या वेळी मला लागेल."

तिने वाकून आत पाहिले. दाराशी उभे राहून, आपल्याच खांद्याने पाडलेल्या खळग्याच्या जरा वर, मिस्त्री फळीवर वीत टाकून माप घेत होते. माप चुके, आणि ते पुन्हा पहिल्यापासून वीत टाकीत.