सरकणारी घंटा

मार्गशीर्षाची सकाळ. डोंगरमाथ्यावरचा ताम्रवर्ण सडा, सुवर्णवर्ण गवत, आणि दूर, खाली, समुद्राची नीलमंद निश्चल रेघ. चार महिने हिरव्या पांघरुणाखाली निजलेला कातळ आता उघडा पडला होता. त्याच्या रंध्रारंध्रांत कोवळे ऊन मुरत होते आणि वाळल्या पात्यांवरून वारा अनवाणी चालत होता. इतक्या निर्मळ, निरभ्र, निष्पाप सकाळी माणसाने कुणाचा संशय घेऊ नये. पण विश्राम गोठणकराच्या मनात पाल चुकचुकली ती नेमकी अशाच सकाळी.

सड्यावरच्या एकुलत्या एका वडाखाली त्यांचे वर्तुळ भरत असे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे, एका खाजणाकाठच्या गावचे ढोल आणि नाच, नऊ वर्षे इथे कोकणात घुमत होते. पाच वादक, चार नर्तकी, आणि दर हिवाळ्यात महिनाभर येणारे त्यांचे गुरू याओबाबा: सत्तरी ओलांडलेले, श्यामलकांती, शुभ्रकेश, मितभाषी. मराठीतला एकच शब्द त्यांनी मनापासून आपलासा केला होता. ‘पुन्हा.’ तो ते दिवसातून शंभरदा म्हणत, आणि सारे पुन्हा वाजवत.

विश्राम म्हणजे मुख्य ढोल. पुरुषभर उंचीचा, लाकडी पट्ट्यांचा, तिवईला तिरका टेकवलेला. तो ढोल हाक देई आणि त्या हाकेसरशी नर्तकींचे पाऊल बदले. तारा म्हणजे घंटा. तारा, विश्रामची धाकटी बहीण. दोन तोंडांची लोखंडी घंटा मांडीवर घेऊन ती बसे आणि काठीने तेच ते सात ठोके वाजवी. एक खालचा, गंभीर. सहा वरचे, किणकिणते. पुन्हा एक, पुन्हा सहा. साऱ्यांनी घंटेला धरून चालायचे. घंटेने कुणालाच धरून चालायचे नाही. या विद्येतला हा पहिला नियम, आणि शेवटचाही हाच.

म्हणूनच तर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने पहिले सहा महिने फक्त घंटा वाजवायची असते. विश्राम सहाव्या दिवशीच उठला होता. राजापूरच्या पखवाजियाचा मुलगा तो. मी तालातच जन्मलो, मला ताल कोण शिकवणार, म्हणाला होता. बाबा हसले होते आणि त्यांनी ढोलाकडे बोट दाखवले होते. खाली राहिलेली घंटा ताराने उचलली, ती आजतागायत तिच्याच मांडीवर.

नऊ वर्षे भाऊबहीण शेजारी शेजारी वाजवत आले. यंदा याओबाबांनी, काही न सांगता, दोघांना समोरासमोर आणले. आणि विश्रामला ताराचे मनगट दिसले.

त्याने हाक दिली, आणि ते मनगट सरकले. किती? तांदळाच्या दाण्याएवढे. पण सरकले. खालचा ठोका जागेच्या किंचित आधी पडला, आणि रेणूचा, त्या चौघींतल्या सर्वांत लखलखत्या नर्तकीचा, उचललेला पाय हवेत अडखळला. याओबाबांनी डोळे मिटले. ‘पुन्हा,’ ते म्हणाले. पुन्हा हाक. पुन्हा ते मनगट. पुन्हा ते अडखळणे. वर्षभर विश्राम रेणूवर डाफरत आला होता. चुकत होती ती रेणू नव्हतीच.

म्हणजे तारा मुद्दाम करत होती.

विश्रामने संशयाला बसायला पाट दिला, आणि तो पाहुणा मुक्कामालाच राहिला. तारा बाबांशी वडाच्या मुळाशी बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळू आवाजात बोलत होती; विश्राम जवळ येताच दोघे गप्प झाले. एका दुपारी ती एकटीच त्याच्या ढोलापाशी उभी दिसली, चामड्यावर तळहात टेकवून. रेणू हल्ली पाऊल बदलताना त्याच्याकडे नव्हे, ताराकडे बघे. काय चाललंय म्हणून विचारावे तर ‘कुठे काय, दादा’ म्हणून तारा हसे. त्या हसण्यातही कुठेतरी पाणी मुरत होते. सडा तोच ताम्रवर्ण, गवत तेच सुवर्णवर्ण. पण आता त्या गवतातून वाराही कुजबुजत जायचा, आणि विश्रामला घास गोड लागेना.

बाबांच्या मुक्कामाचे दिवसही भरत आले होते. पौर्णिमेच्या संध्याकाळी याओबाबा ऐकायला बसणार होते. त्यांच्या घराची रीत अशी, की सणाचा तो मोठा नाच लोकांपुढे करायचा तर आधी घरातल्या वडीलधाऱ्याने ऐकायचा, आणि तोही पाठ फिरवून. बघायचे नाही, नुसते ऐकायचे. मनासारखे झाले तर तो उठतो आणि नाचतो, ती परवानगी. नाही झाले तर बसून राहतो. पणजीच्या महोत्सवाचे बोलावणे बाबांच्या त्या एका उठण्यावर अडले होते, आणि विश्रामची ढोलावरची जागासुद्धा. बावन्न वर्षांचा झाला होता तो. ही जागा गेली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

आदल्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी सड्यावर गेला आणि जांभ्या दगडांच्या गडग्याआड लपून बसला. हो, लपून. बावन्न वर्षांचा माणूस, करवंदीच्या जाळीत, गुडघे पोटाशी घेऊन. वडाखाली तारा आणि रेणू, दोघीच. घंटा वाजत होती, घुंगरांवाचून पाय वाजत होते, आणि पूर्वेचे पिवळे, पातळ, परागासारखे ऊन त्या दोघींभोवती फिरत होते. विश्रामने डोळ्यांत तेल घालून पाहिले, कानांत प्राण आणून ऐकले. घंटा तिळभरही ढळत नव्हती. एक आणि सहा. एक आणि सहा. रेणूचे पाऊल त्या खालच्या ठोक्यावर असे उतरे की कातळानेच हुंकार द्यावा.

किती सुंदर होते ते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मागोमाग नाकाला मिरच्या झोंबल्या. मी नसलो की घंटा अढळ. मी हाक दिली की सरकते. आता आणखी पुरावा कशाला हवा होता? धाकट्या बहिणीला थोरल्या भावाचा ढोल हवा होता, आणि तो मागायची हिंमत नव्हती.

पौर्णिमेची संध्याकाळ आली. पश्चिमेला कुंकुम सांडले, समुद्राची रेघ वितळून सोन्याची झाली, आणि वडाच्या पारंब्या काळ्या, लांब, संथ होत गेल्या. बाकीची मंडळी जमायला अजून अवकाश होता. तारा घंटेचे लोखंड पदराने पुसत बसली होती. विश्राम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘माझ्या हाकेला तू घंटा सरकवतेस.’

त्याला वाटले होते, ती कानांवर हात ठेवील, रडेल, देवाची शपथ घेईल. तारा पुसत राहिली.

‘हो, दादा.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षं झाली.’

  का, तेही तिनेच सांगितले, खाली मान घालून, एकेक शब्द निवडून.

‘तू समेवर येताना पळतोस. खालचा ठोका जवळ आला की तुला ती सम वाटते, आणि तुझा हात तिला गाठायला धावत सुटतो. पण तो ठोका तुझा नाही, दादा. तो पायांचा आहे. हाक आधीच संपवायची आणि तो मोकळा सोडायचा. तू सोडत नाहीस. मग तू उघडा पडू नयेस म्हणून मी घंटा पुढे आणते. तुझी माझी गाठ पडते. रेणू बिचारी मधल्यामध्ये मरते.’

विश्रामला राजापूरच्या देवळाचा सभामंडप दिसला. वडील डोळे मिटून ऐकताहेत. बारा वर्षांचा तो पखवाजावर, आठ वर्षांची तारा टाळ घेऊन शेजारी. तो समेआधी पोचे, आणि तिचा टाळही त्याच्याबरोबर आधीच वाजे. वडील डोळे उघडत, क्षणभर दोघांकडे पाहत, पुन्हा मिटत. वडिलांची चापट त्याला जन्मात बसली नाही. त्याला वाटत आले होते, आपला हातच तसा तयार आहे.

‘याओबाबांना ठाऊक आहे?’

‘पहिल्या वर्षीच कळलं त्यांना. दर वर्षी मला विचारायचे, कधी थांबणार. यंदा विचारलं नाही. तुला समोर आणलं.’

 पारंब्यांच्या सावल्या त्याच्या पायांपर्यंत आल्या.

‘आज सरकवू नकोस,’ तो म्हणाला.

तिने वर पाहिले. आज नको, पणजी हातची जाईल, असे काहीतरी ती पुटपुटली. तो ढोलाकडे निघून गेला होता.

याओबाबा समुद्राकडे तोंड करून बसले. रुंद, श्याम, स्थिर पाठ. घंटा सुरू झाली, खुळखुळे मिसळले, लहान ढोल मिसळले, नर्तकींच्या पावलांनी तांबडी धूळ उठली. विश्रामने हाक दिली. घंटा हलली नाही. त्याचा हात धावला, पोचला, आणि एकटाच पोचला. त्याच्या थापेमागून, आपल्या जागी, घंटा आली, आणि घंटेबरोबर रेणूचे निर्दोष पाऊल. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. त्या फटीत त्याने आपले सगळे आयुष्य ऐकले.

दुसऱ्या हाकेला त्याने हात आवरला, पण हात ऐकेना. तिसऱ्या हाकेलाही ऐकेना. याओबाबांची पाठ तशीच होती. पणजी गेली, हे वर्तुळात सगळ्यांना कळले.

विश्रामने काठी ढोलाच्या पायाशी ठेवली. बाकीचे ढोल एकेक करून थांबले. घंटा तेवढी थांबली नाही. घंटा थांबत नसते. तो वर्तुळ ओलांडून गेला, बहिणीशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने हात पुढे केला. ताराने त्याच्याकडे एकदा पाहिले. एक ठोका तिचा पडला, पुढचा त्याचा. घंटा भावाच्या मांडीवर आली.

खालचा ठोका आला, आणि तो आधीच वाजला. रेणू अडखळली.

‘पुन्हा,’ याओबाबा पाठमोरेच म्हणाले.

पूर्वेला चंद्र, पश्चिमेला बुडता सूर्य, आणि मध्ये तो ताम्रवर्ण सडा. सहा ठोके किणकिणत गेले. खालचा ठोका जवळ आला. विश्रामचे मनगट पळू पाहत होते, आणि ताराचा रिकामा हात, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्याला सावरायला मांडीवरून उचलला गेला. हवेत थांबला. मग तिने तो हळूच मागे घेतला, पदराखाली नेला, आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

विश्रामने मनगट आवरले. रेणूचे पाऊल खाली आले. एक. मग सहा. मग एक.