मोकळे टिपके

तुळजाजीला भीती वाटे ती दोन खांबांच्या मधल्या अंधाराची. घरातल्या काळोखात तो चाचपडत जाऊन खुशाल पाणी पिऊन येई. पण रस्त्यावरचा एक दिवा मागे पडला आणि पुढचा यायचा आहे, एवढ्या पंधरा-वीस पावलांत त्याच्या तळव्यांना घाम फुटे. वय चौतीस, मद्रासजवळ अंबत्तूरला दिवे बनवण्याच्या कारखान्यात नकाशे काढणारा माणूस. पण त्या पट्ट्यातून जाताना ओठ मिटून पावलं मोजायचा.

नऊ वर्षांपूर्वी एग्मोर स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर, अशाच पंधरा-वीस पावलांत, त्याचा काका लॉरीखाली गेला. हातात भाजीची पिशवी होती. वांगी पार गटारापर्यंत घरंगळत गेली होती. लॉरीवाला रस्त्यात बसून कपाळ बडवत होता, "दिव्याखाली होते तेव्हा दिसले हो! मग कुठे गेले ते कळलंच नाही."

ते वाक्य तुळजाजीच्या कानात शिरलं ते शिरलंच.

आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा या काका-काकीनंच त्याला तंजावराहून मद्रासला आणून वाढवलं होतं. काका गेल्यावर काकी, सकवारबाई, राखेच्या रंगाचं लुगडं नेसू लागली आणि तिनं दारातलं कोलम, पिठाची रांगोळी, सोडलं. तिच्या हाताची रांगोळी म्हणजे गल्लीतल्या बायका पदर सावरून वळसा घालून जायच्या, ओलांडायच्या नाहीत. आता शेजारची सरोजा दारात चार रेघा ओढून जाई आणि काकी उंबऱ्याच्या आतून बघत उभी राही. नवरा गेलेल्या बाईनं दारात पिठाला हात लावू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं.

एकदाच, तापात, ती तुळजाजीजवळ बोलली होती. त्या संध्याकाळी तिनं दारात टिपके ठेवले होते. आत दूध उतू गेलं म्हणून उठली, दोन टिपके जोडायचे राहिले. परत आली तर गल्लीच्या तोंडाशी माणसं धावत होती. तिच्या माहेरी बायका गायच्या:

टिपका मोकळा
ठेवू नये दारी
वाट चुके घरी
यायची गं

"दोनच राहिले रे," काकी म्हणाली होती, "आणि दोघांतला एक गेला."

तुळजाजीचा टिपक्यांवर विश्वास नव्हता. त्याचा उजेडावर होता. मालकाशी, रामस्वामींशी, तो वर्षानुवर्षं एकच वाद घाली. "सार, आपले दिवे खांबाच्या पायथ्याशी उजेडाचा ढीग ओततात. पंगतीत एकाच्या पानावर भाताचा डोंगर आणि शेजारचा उपाशी, तसं."

"तुम्हा मराठ्यांच्या पंगतीत तसं होत असेल," रामस्वामी हसून म्हणत. "आमच्याकडे सगळ्यांनाच सांबार कमी पडतं."

पण त्यांनी पत्रा दिला, वेळ दिला. अखेर तुळजाजीनं दिव्याची अशी टोपी घडवली, की तिचे दोन चकचकीत पंख पायथ्याशी सांडणारा उजेड उचलून लांब, दोन खांबांच्या मध्यावर नेऊन टाकीत. एका खांबाचा हात दुसऱ्या खांबाच्या हातात. मध्ये फट नाही. १९६६च्या मार्गळी महिन्यात, दारोदारी मोठमोठी कोलमं घालायच्या दिवसांत, पालिकेच्या दिवाबत्ती खात्यानं चाचणीला परवानगी दिली, सहा खांबांपुरती. रस्ता कुठला, असं विचारल्यावर तुळजाजीनं एग्मोर स्टेशनच्या मागचा तो रस्ता सांगितला.

खात्याचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. आदल्या दुपारी कारखान्याच्या माणसांनी दोन्ही टोकांना पिंपं लावून रस्ता बंद केला. तुळजाजीनं दोरी ताणून, ओणवं होऊन, स्वतःच्या हातानं चुन्याचे टिपके ठेवले. रस्त्याच्या रुंदीत पाच, मग दोन पावलं सोडून पुन्हा पाच, असे पहिल्या खांबापासून सहाव्यापर्यंत. प्रत्येक टिपक्यावर उजेड मोजायचं यंत्र ठेवायचं आणि आकडा लिहायचा.

"सार," कारखान्याचा व्हॅनवाला सुब्बा विडी शिलगावत म्हणाला, "मार्गळीत एवढं मोठं कोलम आमच्या बायकोनंसुद्धा घातलं नाही कधी. तुमचं लग्न ठरत नाही ते यामुळेच. पोरीची कामंही तुम्हीच करता."

"तू गाडी धू, जा," तुळजाजी म्हणाला. पण हसला.

दिवेलागणीला सहाही दिवे लागले. पाऱ्याच्या दिव्यांचा निळसर पांढरा उजेड आधी थरथरला, मग स्थिरावला. तुळजाजी टिपक्या टिपक्यावर यंत्र ठेवत गेला. खांबाखाली जो आकडा, तोच थोड्याफार फरकानं मध्यावर. पुन्हा खांबाखाली, पुन्हा मध्यावर. रस्ता नुसता शांत, राखाडी, शेणानं सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा पसरला होता. जिथे काका पडला होता तिथे तुळजाजी उभा राहिला. पायाखाली बघितलं. त्याची स्वतःची सावलीही नव्हती. इकडून एक दिवा पुसत होता, तिकडून दुसरा.

या रस्त्याला मिळणाऱ्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी काकी येऊन उभी होती.

"बघ काकी," तो धावतच तिच्याजवळ गेला. "या उजेडात मुंगी चालली तरी दिसेल. इथे आता कुणालाही, काहीही होणार नाही."

"खरं का रे, कण्णा?"

"माझी शपथ."

काकीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग तिची नजर रस्त्यावर गेली. टिपक्यांवरून टिपक्यांवर, लांब, शेवटच्या खांबापर्यंत. "हे कोण ठेविले?" तिनं विचारलं.

"मीच. मोजायला."

"आणि जोडणार केव्हा?"

"जोडायचे नाहीत गं ते. उद्या साहेब बघतील, मग धुऊन टाकू."

पदर घट्ट ओढून काकी गल्लीत परतली. तुळजाजीला वाटलं, थंडी वाजली असेल.

शेवटचं काम राहिलं होतं. सुब्बाची व्हॅन पुढचे मोठे दिवे बंद ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची आणि नुसत्या रस्त्याच्या दिव्यांवर चालवणाऱ्याला किती दिसतं ते बघायचं. तुळजाजी सुब्बाशेजारी बसला. मागे रामस्वामी, मांडीवर आकड्यांची वही घेऊन, खुशीत गुणगुणत. पिंपांपलीकडून वळसा घालून यायला पाचेक मिनिटं गेली. सुब्बानं पिंप बाजूला केलं, पुन्हा आत बसला आणि गिअर टाकला.

"सार, हा रस्ता आहे की लग्नाचा मांडव? डोळे मिटून चालवू शकतो मी."

"डोळे उघडे ठेव. तेवढंच काम आहे तुला."

पहिला खांब गेला. गाडीनं वेग घेतला. समोर रस्ता अंथरलेला होता आणि त्यावर चुन्याचे टिपके पाच-पाच करून चालून येत होते. तुळजाजी ते मोजू लागला. जुनी सवय, या रस्त्यावर आला की मोजायचंच. पाच. पाच. पाच. दुसरा खांब गेला. रस्ता मोकळा होता. कुठे कुत्रं नाही, पान नाही, सावली नाही. पाच. पाच.

आणि कशानं कोण जाणे, तळव्यांना घाम फुटला.

अंधार तर कुठेच नव्हता. त्यानं मांडीवर हात पुसले. मग कशाची भीती? समोर सगळं दिसत होतं, सगळं रिकामं होतं. तिसरा खांब जवळ येत होता. पाच. पाच. पलीकडच्या ओळीत चार.

चार?

त्यानं डोळे ताणले. मधला टिपका नव्हता. त्यामागच्या ओळीतलाही मधला नव्हता. पुसले गेले असतील. पण कोण पुसणार? थोड्या वेळापूर्वी तर त्यानं त्यांवर यंत्र ठेवलं होतं. तिथे रस्ताच होता, राखाडी, तसाच, जसा अलीकडे तसाच पलीकडे. मग त्या रस्त्याचा एक तुकडा, हाताएवढा, हलला. आणि तिथे अर्धा टिपका उगवला.

"थांब!" तुळजाजी किंचाळला. "सुब्बा, थांब! माणूस आहे!"

"कुठे आहे, सार? कुणी नाही..."

तुळजाजीनं बाजूनं पाय घालून सुब्बाच्या पायावरच ब्रेक दाबला. चाकं किंचाळली. व्हॅन आडवी सरकत गेली, वही रामस्वामींच्या मांडीवरून उडून काचेवर आपटली, आणि गाडी उभी राहिली.

इंजिन धडधडत होतं. काचेतून रस्ता अजूनही रिकामाच दिसत होता.

मग चाकापासून दोन हातांवर रस्त्यानं मान वर केली. राखेच्या रंगाचा पदर, राखेच्या रंगाचे केस, पिठानं माखलेली बोटं. सकवारबाई उकिडवी बसली होती. तिच्या मागे वेलीसारखी एक पांढरी रेघ तीन ओळींमधून नागमोडी फिरत आली होती.

"अय्यो, मुरुगा," सुब्बा पुटपुटला. त्याचे हात चाकावरून सुटत नव्हते. "सार, शपथेवर सांगतो, मला नाही दिसल्या. समोर होत्या आणि नाही दिसल्या."

लॉरीवाल्याचं वाक्य. तो उतरला आणि बॉनेटला वळसा घालून तिच्यापर्यंत पोचला.

"काकी! काकी, तू इथे कशाला आलीस?"

काकीनं हातातली पिठाची वाटी खाली ठेवली. तिनं गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तूच म्हणालास ना, मुंगी दिसेल म्हणून," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मी दिसेन."

तुळजाजी तिच्यासमोर रस्त्यातच बसला.

"तुझ्या हातचे टिपके रे," ती सांगत होती. "याच रस्त्यावर, आणि मोकळे. मजला घरात बसवेना. म्हटलं, दारात नको तर नको, रस्ता काय कुणाचा उंबरा आहे? सगळे नाही, तुझा काका पडला तिथले तेवढे, तुझी गाडी यायच्या आधी होतील म्हटलं. थोडेच राहिले होते."

रामस्वामी उतरून आले. त्यांनी वही उचलून झटकली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुळजाजी, तुमच्या काकी वाचल्या, देवाची कृपा. पण यात दिव्याचा दोष नाही. आकडे उत्तम आहेत. रस्त्यात बसलेलं माणूस उद्या साहेबांना सांगायची गरज नाही."

"मी बघत होतो, सार," तुळजाजी म्हणाला. "समोर बघत होतो. तिच्यावर जेवढा उजेड तेवढाच मागच्या रस्त्यावर. ती रस्त्यातच विरघळली." नऊ वर्षं तो फटी बुजवत आला होता. या सहा खांबांत अशी एकही जागा त्यानं ठेवली नव्हती, जिथे काकी वेगळी उठून दिसेल. आणि मद्रासमध्ये राखेच्या लुगड्यातल्या किती बाया संध्याकाळी देवळातून परतत असतील.

तो उठला. तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी त्या दिव्याच्या बटणाची पेटी होती. त्यानं झाकण उघडलं.

"काय करतोस?" रामस्वामी ओरडले.

त्यानं आतला खटका ओढला. डोक्यावरचा दिवा गेला. खांबाखाली तोच जुना अंधार पडला, ज्यातून तो पावलं मोजत जायचा. तरी तो तसाच रस्त्याच्या कडेनं व्हॅनपलीकडे गेला, दुसऱ्या खांबाशी, जिथून व्हॅन आड येत नव्हती, थांबला आणि वळून बघितलं.

पलीकडे चौथ्या-पाचव्या खांबांचा उजेड लखलखत होता. आणि त्या उजेडावर, काळ्या पाटीवर खडूनं काढावी तशीच, पण पांढऱ्यावर काळी, काकी दिसत होती. वाकलेली पाठ. पदराची कड. वाटी. वाटीत बुडणारी दोन बोटंसुद्धा.

"सार," तो म्हणाला, "वहीत लिहा. आकडे बरोबर, दिवा नापास. तुमच्यानं होत नसेल तर मी लिहितो. आणि उद्या साहेबांना व्हॅनमध्ये बसवू. काकी रस्त्यात उभी राहील, मी तिचा हात धरून."

रामस्वामींनी काकीच्या काळ्या आकाराकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

काकीनं अंधारातून हाक मारली. "अरे कण्णा, दिवा का मालवलास? शेवटचे दोन राहिलेत, मजला दिसेनात."

तुळजाजी तिच्याकडे चालू लागला. तळवे ओले होते, आणि या वेळी तो पावलं मोजत नव्हता. नजर तिच्या आकारावरून ढळू देत नव्हता.

"तू दिसावीस म्हणून, काकी," तो म्हणाला. तिच्याजवळ बसून त्यानं तिचं पीठभरलं बोट हातात घेतलं, चाचपडत टिपक्यावर टेकवलं, आणि दोघांनी मिळून रेघ पुढे ओढली.