मनोऱ्यातली घंटा

परक्या घरात शिरलं की लोरेटा दोन्ही हात पाठीमागे बांधायची. काही फुटलं, कुणी बोललं तर? ही धास्ती तिला लहानपणापासूनची. सासरच्यांना चेष्टेला तेवढंच निमित्त पुरायचं. "हिने दरोडा घातला तरी बोटांचे ठसे मिळायचे नाहीत!" असं तिची सासू फिलोमिना दर सुट्टीत म्हणायची, आणि दर सुट्टीत सगळे हसायचे.

‘केप मे’ या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला येऊन तिसरा दिवस होता. समुद्राचं लोरेटाला फारसं कौतुक नव्हतं, तिचा सगळा जीव किनाऱ्यासमोरच्या त्या जुन्या घरांत. गुलाबी, पिस्ता, जांभळी घरं, सज्जांना लाकडाची झालर, वर टोकदार मनोरे. दीडशे वर्षं खारं वारं खाऊनही कशी नटून उभी! आज तिने जाहीर केलं, "मला एक तास द्या, बास. टेसाला तुम्ही बघा."

"जा गं बाई, जा एकदाची," तिचा नवरा कार्माइन म्हणाला. "आहे ना मी."

फिलोमिनाने पोटरीवरची माशी फटकन मारली. "या हिरव्या माश्या आल्या म्हणजे वारा जमिनीवरून सुटलाय. छत्री नीट रोव रे, नाहीतर समुद्रात जाईल."

छत्री रोवली गेली. नऊ वर्षांच्या लेकीच्या, टेसाच्या, पाण्यावर तरंगायच्या पिवळ्या हवेच्या गादीचा विचार मात्र कुणाच्याही डोक्यात आला नाही. आता काय बोलावं या माणसांना!

त्या जुन्या घरांपैकी एक आतून बघायला मिळायचं; त्याची मालकीण मिसेस व्हिटलॉक कडक बाई. फोटो चालणार नाहीत म्हणून तिने सगळ्यांचे फोन खालच्या टोपलीत ठेवून घेतले, बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावल्या आणि बजावलं, "कशालाही हात लावू नका." लोरेटाला हे सांगायची गरजच नव्हती.

पाच माणसं मनोऱ्यात चढली. मधोमध पितळी घंटा, तिच्या दोरीला लाल फीत. "धुक्यात होड्यांना घर सापडावं म्हणून हे घर बांधणाऱ्या कप्तानाच्या बायकोने बसवली," मिसेस व्हिटलॉक म्हणाली. "चाळीस वर्षं वाजलेली नाही. वरची तुळई कुजलीय."

लोरेटाने काचेतून खाली पाहिलं. सव्वापाच वाजले होते. पाळी संपली म्हणून जीवरक्षकांनी शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढलं होतं, दोघं जण त्यांची वल्ह्याची होडी वाळूवर ओढून ठेवत होते. इथे समुद्र पूर्वेला, त्यामुळे ऊन कललं की सगळे खुर्च्या उन्हाकडे फिरवतात, तशा फिरवलेल्या होत्या. म्हणजे अख्ख्या किनाऱ्याची पाठ समुद्राला. त्यांची पट्ट्यापट्ट्यांची छत्री तिला दिसली. कार्माइन तोंडावर टोपी घेऊन घोरत होता. फिलोमिना शब्दकोडं सोडवत होती. आणि टेसा?

टेसा कुठाय?

लाटांच्या पार पलीकडे पिवळा ठिपका होता. शिट्ट्यांनंतर पुन्हा पाण्यात शिरलेली तिची पोर त्यावर पालथी पडून हातांनी पाणी मारत होती, आणि ठिपका लांब लांब चालला होता.

 लोरेटाने खिडकीला धडका दिल्या, पण ती रंगाने कायमची चिकटलेली. ती किंचाळली, काचेवर मुठी आपटल्या, समुद्राकडे बोट दाखवलं. खालच्या एका बाईचं लक्ष गेलं. तिने हसून हात हलवला.

जिना चार मजल्यांचा. रस्ता ओलांडून पोचेपर्यंत ठिपका दिसेल तरी का? लोरेटाने लाल फीत ओरबाडली आणि दोरीला लोंबकळली.

"अहो! सोडा! छत येईल खाली!" मिसेस व्हिटलॉक ओरडली.

"येऊ दे!"

घंटा वाजली. डोक्यावर गिलावा पडला. लोरेटा ओढत राहिली, ठाण ठाण ठाण, आणि खाली सगळा किनारा वळून बघायला लागला. पण कुणाकडे? तिच्याकडे! मंडळी उठून उभी राहिली, माना वर केल्या, कौतुकाने टाळ्या वाजवल्या. कार्माइनही जागा झाला. बायकोला ओळखून त्याने दोन्ही हात उंचावले आणि वर एक चुंबन उडवलं. समुद्राकडे बघणारं एक माणूस नव्हतं. "अरे मागे बघा! मागे बघा रे मुडद्यांनो!" लोरेटा रडत ओरडत होती.

फिलोमिनाने मात्र हात हलवला नाही. तिने डोळ्यांवर हात धरून सुनेकडे पाहिलं, दोरीवरच्या तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग मांडीवरचं शब्दकोडं फेकून ती गर्रकन समुद्राकडे वळली.

दुखऱ्या गुडघ्यांची ती म्हातारी वाळूतून धावत सुटली. होडी ओढणाऱ्यांपैकी एकाचा दंड धरून तिने बोट दाखवलं. होडी पाण्यात गेली. लोरेटा वाजवतच राहिली. एक लाट उठली आणि खाली बसली, तेव्हा गादीवर कुणीच नव्हतं.  मग गादीच्या कडेला एक डोकं दिसलं आणि दोन हात. होडी पोचली. हात वर ओढले गेले.

लोरेटा वाळूवर पोचली तेव्हा पायांत कापडी पिशव्या तशाच होत्या. टॉवेलात गुंडाळलेली टेसा थरथर कापत होती. लोरेटाने तिला छातीशी घेतलं. दोरीने तिच्या स्वतःच्या हातांची सालटी निघाली होती.

"वर बघितलं," फिलोमिना धापा टाकत म्हणाली, "आणि म्हटलं, ही? हिने परक्या घरात हात लावला? म्हणजे कुणीतरी मरतंय." मग ती लोरेटाच्या जवळ सरकली. "मला माफ कर गं पोरी. समुद्राकडे माझी पाठ होती."

कार्माइन वाळूत गुडघ्यांवर बसला होता, ढसाढसा रडत. "डोळा लागला गं... दे, तिला मी घेतो. तुझे हात बघ."

त्याने हात पुढे केले.

"हात लावू नकोस," लोरेटा म्हणाली.