शुक्रवारपर्यंत थांबा

मित्रांनो, सोफ्याच्या फटीत हात घातलात की बिस्किटाच्या चुऱ्यानंतर जो हाताला लागतो, तो मी. या घरातला जुना रिमोट. हसू नका! माझ्या पाठीचं झाकण हरवलं आहे आणि सेल रबरबँडनं बांधले आहेत, हे खरं. पण टीव्हीची स्वतःची बटणं केव्हाच बिघडली, त्यामुळे माझ्यावाचून इथे पान हलत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, शेकडो भावंडांबरोबर झाला. टीव्हीच्या खोक्यातून मी या घरी आलो, तेव्हा घरमालक मामा मला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा. काय तो थाट! पुढे पिशवी फाटली आणि लाडही संपले. आता बटण अडलं की मला तळहातावर दोनदा आपटतात. सवय झाली आहे.

मामाचं चष्म्यांचं दुकान आहे. त्याची भाची दातांची डॉक्टर आहे. दोघांना वेड एकच, अंतराळात फिरणाऱ्या एका मालवाहू यानाच्या मालिकेचं. नवा भाग गुरुवारी यायचा आणि मग कधीही लावता यायचा, पण भाचीला फुरसत शुक्रवारी मिळायची. म्हणून दोघांनी शुक्रवारी एकत्रच पाहायचं, असा पक्का करार होता. भाग संपला की वाद सुरू. ज्याच्या हातात मी, त्यानंच बोलायचं. मला केवढा मान होता, पाहा!

"यान प्रकाशाच्या पुढे पळतं, मान्य," मामा मला नाचवत म्हणायचा. "पण एकदा ठरवलेला नियम पाळा की! इंधन संपलं म्हणजे संपलं. पुढच्या भागात कुठून टपकलं?"

भाची मला हिसकावून घ्यायची. "इंधनाचं काय घेऊन बसलायस, मामा? कॅप्टन तिच्या आईचा जुना निरोप पुन्हा पुन्हा ऐकते, तिथे मी रुमाल शोधत होते. मला माणसं हवीत. तुझं गणित ठेव तुझ्यापाशी."

मग एका भागात यानाचा चालक मेला. भाची ढसाढसा रडली. पुढच्या गुरुवारी मामाला काही राहवेना. "फक्त पहिली पाच मिनिटं," असं मलाच समजावत त्यानं टीव्ही लावला आणि अख्खा भाग पाहून टाकला.

शुक्रवारी त्यानं काय नाटक केलं म्हणून सांगू! पडद्यावर यानाचं दार बंद होतं. मामा सोफ्यावरून उडालाच. "अगं बाई! हा जिवंत?"

भाचीनं सावकाश मान वळवली. "मामा, दार अजून उघडलंच नाहीये."

मामानं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच चहाडी केली होती.

"काल पाहिलास ना?" भाचीचे डोळे भरून आले. "मी आठवडाभर त्याच्यासाठी हळहळले, आणि तो परत आला तेव्हा तू मला सोडून एकटाच बसलास?" ती चपला घालून निघून गेली.

पुढचा भाग शेवटचा होता. शुक्रवारी मामानं दोन कप चहा केला, पण भाची आली नाही. त्यानं टीव्ही लावलाच नाही. मला मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहिला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला खिशात टाकलं आणि तडक तिच्या दवाखान्यात गेला.

खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. मामानं मला भाचीपुढे धरलं. "हा तुझ्याकडे ठेव. याच्याशिवाय आमचा टीव्ही लागत नाही."

"मला कशाला? शेवट पाहून झाला असेल तुझा."

"नाही गं. तुझ्याशिवाय मन होईना. चुकलं माझं, पोरी."

भाची कापूस उचलून पुन्हा खुर्चीकडे वळली. तेवढ्यात खुर्चीतले गृहस्थ उत्साहानं उठू लागले. "त्या यानाचा शेवट ना? अहो, तो चालक..."

भाचीनं झटकन त्यांच्या तोंडात कापूस कोंबला. "एक शब्द बोलू नका! आम्ही दोघांनी अजून पाहिलेला नाही!"

मामा तिथल्या बाकावर मटकन बसला आणि खुदकन हसला.

शेवट कसा होता म्हणता? अगदी भिकार! म्हणे सगळं यानाला पडलेलं स्वप्न होतं. "हे काय!" दोघंही एकदमच ओरडली, आणि मग पोट धरून हसत सुटली. इतका वाईट शेवट इतक्या आनंदानं पाहिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणी तुमच्यासाठी थांबलं असेल, तर त्याला टाकून पुढचा भाग पाहू नका. गोष्ट चांगली निघो की फसो, संपल्यावर "कसं वाटलं?" असं विचारायला शेजारी कुणीतरी हवं ना!