अहवालात न सापडलेला

मी जेनिस्टीन, एक रेणू. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका सोयाबीनच्या झाडात जन्मलो. मातीतल्या जिवाणूंना झाडाकडे बोलावून घ्यायचं, एवढंच माझं काम. पण माझी ठेवणच अशी की कुणाच्या अंगात शिरलो तर शरीर मला थोडंफार बाईचं संप्रेरक समजतं. त्याला माझा इलाज नाही.

दाण्यांबरोबर कारखान्यात पोचलो. तिथं सोयाबीन धुतलं, तेव्हा मी पाण्याबरोबर नदीत गेलो. नदीतून गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात.

केंद्र सांभाळते अर्डिस शेलस्टाड. एकतीस वर्षं गावाला पाणी पुरवतेय. यंदा तिनं हट्टानं माझा शोध घ्यायला दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवले, एक नदीच्या पाण्याचा आणि एक नळाच्या.

टाकीत मला क्लोरीन भेटलं. त्याचा एक अणू चिकटला, मग दुसरा. झटकता येईना. पूर्वीचा मी राहिलो नाही, पण संपलोही नाही.

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून वेंडेलचा फोन आला.

"अर्डिस, खूश हो! नदीत होतं, नळात सापडलं नाही."

"गेलं कुठं मग?"

"क्लोरीननं त्याचं रूप पालटलं. आमचं यंत्र जुन्याच रूपाला ओळखतं."

"मग नवं शोध की!"

"ताडून बघायला नव्याचा नमुना तर हवा! तो आमच्याकडे नाही."

"आणि ते अंगात जाऊन काय करतं?"

"अशा बदललेल्या रूपांपैकी काहींचा जोर कमी होतो. सगळ्यांचा होतो का, ते मला नाही सांगता येणार."

"क्लोरीन कमी करू?"

"कर की. अख्खं गाव जुलाबानं आडवं होईल, मग माझ्या नावानं खडे फोड."

ती हसली नाही. अहवालात तिनं लिहिलं, 'रूप बदललेलं असू शकतं, तपासलेलं नाही.' तिच्या वरच्या साहेबांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "अर्डिस, फॉर्मवर असा रकानाच नाही. सापडलं की नाही, तेवढं सांग." ती भांडली. फॉर्म बदलला नाही. शेवटी 'सापडलं नाही' यावर तिनं सही केली.

त्या रविवारी तिची मुलगी मारित जेवायला आली. सहावा महिना चालू होता. बटाट्याची गरम लेफ्से पोळी लोण्यासाखरेबरोबर खाऊन तिला तहान लागली. नळाखाली ग्लास धरत ती म्हणाली, "आई, पाणी चांगलंय ना गं?"

अर्डिसनं लोण्याचं भांडं झाकलं. मग म्हणाली, "तपासलंय, बाळा."

मी त्या ग्लासात होतो. ओरडून सांगावं तर मला आवाज नाही. थांबावं तर पाय नाहीत. तुमच्यापैकी कुणी मला नवं नाव द्या, शोधा, मोजा. निरुपद्रवी निघालो तर मलाही सुटल्यासारखं वाटेल.

मारितनं ग्लास तोंडाला लावला. अर्डिस तिच्या गळ्याकडे बघत राहिली, घोटामागून घोट, ग्लास रिकामा होईपर्यंत.