लोखंडी दारावरचा शब्द

"उद्यापासून तुझा क्लास बंद," मिरवैस चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला.

त्याची बायको फरेशता डोक्याला रुमाल बांधत होती. "का?"

"समोरच्या तुर्यालईला पोलिसांनी घरातून उचललं. बायकोमुलांसकट परत नदीपलीकडे पाठवलं. आणि तू रोज चारचौघांच्या नजरेत येत फिरतेस, शिवण शिकायला."

"शिवण आणि वाचन."

"ही असली अक्षरं शिकून करायचंय काय? कॅनडाचे कागद आले की निघालोच आपण."

"कागद आले की, कागद आले की! तेवढ्यात आपल्या मरवाला दाढा फुटल्या," असे म्हणून फरेशता बाहेर पडली.

आमच्या वहदत गावात नदीपलीकडच्या अफगाण मुलखातून, कुंदुझहून आलेली अशी बरीच कुटुंबे आहेत. भाषा आमची एकच. त्यांचे नान ते आमचे नोन, एवढाच काय तो फरक. पण ते उजवीकडून डावीकडे लिहितात आणि आम्ही रशियन अक्षरांत, त्यामुळे कागद समोर आला की शेजारी परका होतो. मिरवैस तिकडे ट्रक चालवायचा. इथे परवान्यासाठी लेखी परीक्षा होती, म्हणून तो घरी बसून राही. "हे लोक उद्या कॅनडात जाणार, यांना कशाला शिकवायचं?" असे आमचे लोक म्हणत. मिरवैसही तेच म्हणे. या एका बाबतीत दोन्ही बाजूंचे एकमत होते.

दुपारी अंगणातून बुटांचे आवाज आले. कुणीतरी विचारले, "ते अफगाण कितव्या मजल्यावर राहतात?"

मिरवैसला वाटले, पोलीसच आले. त्याने सहा वर्षांच्या मरवाचा हात धरला आणि मागच्या जिन्याने तो खाली धावला. जिन्याखाली एक लोखंडी दार होते, कुलूप तुटलेले. मुलीला घेऊन तो आत शिरला आणि त्याने दार ओढून घेतले. आत मिट्ट काळोख, पायाखाली पाणी. भिंतीचा आधार मिळेल म्हणून तो हात पुढे करून चाचपडू लागला.

त्याच वेळी क्लासहून परतणारी फरेशता मागच्या जिन्याशी आली. दाराच्या फटीत अडकलेली मरवाची लाल बाही तिला दिसली. दारावरचा रंग उडाला होता, पण अक्षरे शाबूत होती. तिने ती एकेक करून जुळवली, आणि लहानपणापासून माहीत असलेला शब्द समोर उभा राहिला.

"खतर!" ती किंचाळली.

आत मिरवैस जागीच थिजला. खतर म्हणजे धोका, हे त्याला सांगावे लागले नाही.

"हात खाली घ्या. कशालाही लावू नका. मरवाला धरून तसेच मागे या."

दार उघडल्यावर उजेड आत गेला. मिरवैसचा हात होता तिथून तांब्याच्या तीन उघड्या पट्ट्या वीतभरही लांब नव्हत्या. सगळ्या इमारतीची वीज त्यांतून जाते. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा हात तिथे लागला, तर वीज त्याच्यातून जमिनीत उतरते, आणि त्याने ज्याचा हात धरलेला असतो त्यालाही सोडत नाही.

अंगणातली माणसे पाण्याचे मीटर तपासायला आली होती; मिरवैसच्या घरचा तेवढा राहिला होता.

शेजारच्या शरोफत खालाने, म्हणजे मावशीने, तिघांना आपल्या घरी बसवले.

"मला वाटलं, कोळशाची खोली असेल," तो म्हणाला.

"एवढा मोठा ट्रक हाकायचास म्हणे, आणि दारावरचं वाचता येत नाही?" खाला म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "इथल्या यादवीत आम्ही नदी ओलांडून तुमच्या कुंदुझला पळालो होतो. मीही तंबूबाहेर पडत नसे. म्हणायचे, आपण परतच जाणार आहोत. तिथल्या एका डॉक्टरीणबाईने मला ओढत दवाखान्यात नेलं. तुमची अक्षरं शिकवली, इंजेक्शन द्यायला शिकवलं. परत येताना ते काय मी छावणीत टाकून आले? त्याच्यावरच तर इथे नर्सची नोकरी केली."

"आणि क्लासला जाताना पकडलं तर?"

खालाने त्याच्यापुढे चहा सरकवला. "ते मला थांबवता येणार नाही. खोटं कशाला सांगू? पण तुर्यालई कुठे जायचा, सांग. कुठेच नाही. म्हणून त्याला नेल्याचं दोन दिवस कुणाला कळलंसुद्धा नाही. फरेशता एक दिवस आली नाही तर तिच्या बाई विचारत घरी येतात. लपलेल्या माणसाला कोण शोधणार, बाळा?"

मिरवैसने मरवाकडे पाहिले. ती साखरेचा खडा चोखत होती.

दुसऱ्या दिवशी तो फरेशताबरोबर निघाला, गाडीदुरुस्तीच्या वर्गात नाव घालायला. वाटेत एक गणवेशधारी दिसला तेव्हा तो परत फिरू लागला. फरेशताने त्याची बाही पकडली आणि दोघे चालत राहिले. भीती गेली नव्हती, पण आता ती त्याला घरात कोंडू शकत नव्हती.

वाचकहो, त्या दाराचे कुलूप कित्येक महिने तुटलेले होते. आम्हा सगळ्यांना तो शब्द वाचता येत होता, म्हणून कुणी कुलूप बदलले नाही. ज्याला वाचता येत नाही असा माणूस आपल्याच इमारतीत राहतो, हे आमच्या ध्यानातच आले नाही. परागंदा माणसाला नुसते छप्पर देऊन भागत नाही. त्याला अक्षर द्या, हाताला काम शिकवा. उद्या तो निघून जाईल म्हणून आज शिकवायचे टाळू नका. घरदार सोडून जाणाऱ्याला बरोबर नेता येते ते तेवढेच.