गाडी तुला, रिमोट मला

बापाची वाचा गेली आणि घरात येणारा प्रत्येक माणूस वक्ता झाला. मावशी म्हणाली, मालीश करा. मावशीचा नवरा म्हणाला, मालीश अजिबात करू नका. शेजारचे गृहस्थ समाचाराला आले ते खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच्या गुडघ्यांची कर्मकहाणी सांगून गेले. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं? लघवीची पिशवी रिकामी करायला थोरला मुलगा आणि त्याची बायको होतेच.

पक्षाघाताच्या झटक्यानं म्हाताऱ्याचं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. उरला तो डावा हात. तो हात दिवसभर एकच खूण करायचा. मूठ अर्धी मिटलेली, अंगठा वर, आणि अंगठ्याशेजारचं बोट आत ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. डोळे थोरल्यावर रोखलेले.

म्हातारा काहीतरी मागत होता, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. पण काय? पाणी दिलं, तोंड फिरवलं. उशी बदलली, खिडकी उघडली, खिडकी लावली, पाठ खाजवली. बोट थांबेना. थोरल्याला झोपेतसुद्धा ते बोट दिसायला लागलं. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "त्यांचं हो म्हणजे हो असेलच असं नाही. नाहीचंही तेच. त्यांना आनंदात ठेवा." आणि पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली. आनंदात ठेवा म्हणे! आनंद काय कपाटात घड्या घालून ठेवलाय, काढला आणि म्हाताऱ्याच्या अंगात चढवला?

थोरला झेरॉक्स मशीन दुरुस्त करायचा. एका ऑफिसात मशीनची काच पुसायला त्यानं फवाऱ्याची बाटली उचलली, दोनदा फवारली आणि स्वतःच्या बोटाकडे बघतच राहिला. मूठ अर्धी मिटलेली. अंगठा वर. बोट आत, बोट बाहेर.

"अहो, काच तिकडे आहे," साहेब म्हणाला. "मला कशाला आंघोळ घालताय?"

थोरल्याला गाडी आठवली होती. बापाची रिमोटवरची रेसची गाडी. बाप कारखान्यात फिटर होता, आणि सुट्टीच्या दिवशी बाजारामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ती पळवायचा. रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हातात मूठ, डाव्याच बोटाखाली घोडा. घोडा ओढला की वेग. उजव्या हातानं बाजूचं चाक फिरवून गाडी वळवायची. बापाचा डावा हात म्हणजे गाडीचा वेग. आता तेवढाच हात जिवंत होता.

तो घरी धावत आला. "बाबा, गाडी? गाडी हवीय?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघ! बघ, रडले!"

"त्यांना सकाळी पंखा लावला तरी पाणी येतं," बायको म्हणाली. ती बिचारी खरं बोलली, आणि खरं बोलणाऱ्याचं जे होतं तेच तिचं झालं. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडी माळ्यावर होती, पण तिची दशा बापापेक्षा बरी नव्हती. टायर दगड झालेले. बॅटरी फुगून तिच्यातून पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार बाहेर आलेला. मागच्या गिअरचे दात पडलेले. असले सुटे भाग आता हौशी लोक सोन्याच्या भावानं विकतात, आणि इथं घरातला पैसा औषधवाल्याच्या गल्ल्यात जात होता. मग थोरल्यानं भंगारातल्या झेरॉक्स मशीन फाडल्या. हाताला येईल तो गिअर जुन्यावर ठेवून दातात दात बसतो का बघितलं. अखेर एक बसला. त्याचं भोक कानशीनं मोठं केलं. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते. मिक्सरचे जाडजूड कार्बन पॉलिश पेपरवर घासून घासून त्या मापाचे केले. बोटं काळी, नाक काळं, शिंकलं तरी काळं. कुणाच्या तरी मेलेल्या ड्रिल मशीनमधले जिवंत सेल काढून बॅटरी बांधली. टायरचं काही होईना, तेव्हा सायकलची ट्यूब कापून चाकांवर चढवली.

बायको बघत होती. "बाजारात नवी मिळते की, रिमोटसकट. स्वस्तातली."

"तिचा रिमोट वेगळा असतो. बाबांच्या हाताला हाच ओळखीचा आहे."

"मग तो आणा ना."

इथंच तर घोडं अडलं होतं.

बापाला थोरल्याकडे आणून त्याचं जुनं घर मोकळं केलं तेव्हा दोघा भावांनी वाटणी केली होती. कपाट तुला, पलंग मला. शेवटी उरली गाडी. दोघांनाही हवी होती आणि दोघंही हट्टाला पेटलेले. थोरल्यानं गाडी उचलून काखेत मारली. धाकटा म्हणाला, "ठीक आहे. गाडी तुला, रिमोट मला." कुणीही हसलं असतं. हे दोघं हसले नाहीत. एकाच्या माळ्यावर गाडी पडली, एकाच्या घरात रिमोट, आणि तेव्हापासून बोलणं बंद. बाप अंथरुणाला खिळला तरी धाकटा एकदाच आला आणि दारातूनच परत गेला. दोन बैल एका जोखडाला बांधता येतात. दोन भाऊ बांधून दाखवा.

थोरला धाकट्याच्या गाद्यांच्या दुकानात गेला. धाकटा गिऱ्हाईक नसलेल्या गादीवर लोळत होता. उठला नाही.

"रिमोट पाहिजे," थोरला म्हणाला.

"आलास का वास काढत? बाप आजारी आहे आणि तू खेळणी गोळा करतोस?"

"बाबांसाठीच. त्यांना गाडी चालवायचीय."

"असं सांगितलं त्यांनी? बोलले?"

थोरल्यानं बोटाची खूण करून दाखवली. ओढ, सोड. ओढ, सोड. धाकटा उठून बसला. त्याचंही बोट आपोआप तसंच हललं. मग तो आतल्या खोलीत गेला आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला रिमोट घेऊन आला. सेल काढून वेगळे ठेवलेले. स्प्रिंगांवर गंजाचा ठिपका नव्हता.

"दे."

"देतो बरा! मी आणतो. माझ्या हातानं देणार त्यांना."

"मग इतके दिवस का नाही आलास?"

धाकट्यानं गादीवरची न पडलेली सुरकुती सारखी केली. "बघवत नाही रे, दादा."

"आणि मला बघवतं?"

धाकट्यानं रिमोट पुन्हा फडक्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आला. बापाला उशांना टेकवून बसवलं. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जमीन मोकळी केली. थोरल्यानं गाडी ठेवली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब! आधी रिमोट, मग गाडी," धाकटा ओरडला.

"बंद करताना आधी गाडी, मग रिमोट," थोरला म्हणाला. हा बापाचा कायदा होता. रिमोट बंद आणि गाडी चालू राहिली, की ती हवेतले वाटेल ते सिग्नल पकडते आणि पिसाळते. या कायद्यासाठी दोघांनीही बापाच्या टपल्या खाल्ल्या होत्या. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघून हसले. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

रिमोट चालू. गाडी चालू. धाकट्यानं घोडा जरासा ओढला. गाडी गुरगुरली आणि हातभर पुढे गेली. थोरल्याला वाटलं, जिंकलो.

"बाबा, घ्या."

धाकट्यानं बापाचा डावा हात उचलला, मुठीत रिमोट दिला, बोट घोड्यावर ठेवलं. बोट हललं नाही.

"ओढा, बाबा."

म्हातारा त्या वस्तूकडे बघत राहिला. परक्याचं मूल कुणी मांडीवर ठेवावं, तसा. मग त्यानं हात झटकला. रिमोट पलंगावरून घसरून फरशीवर आपटला, झाकण उडालं आणि सेल खोलीभर पळाले.

गाडी पिसाळली. तिनं गर्रकन वळण घेतलं, कपाटावर धडकली, मागं आली, पुन्हा धडकली. पुढच्या चाकाचा दांडा काडकन मोडला. तरी ती तीन चाकांवर फरशी खरवडत राहिली. बायकोनं पाय वर घेतले. थोरला गुडघ्यांवर रांगत तिच्यामागं गेला, एकदा हातातून निसटली, मग पोटाखाली दाबून त्यानं बटण बंद केलं.

त्यानं मान वर केली.

म्हाताऱ्याची रिकामी मूठ अर्धी मिटलेली होती. अंगठा वर. बोट आत ओढलं, सोडलं. ओढलं, सोडलं. डोळे थोरल्यावर.

"म्हणजे गाडी नको होती?" धाकट्यानं विचारलं.

थोरला फरशीवर बसून राहिला. मोडलेला दांडा त्याच्या हातात होता. याचं काय करायचं ते त्याला माहीत होतं. पत्र्याची पट्टी कापायची, दोन भोकं पाडायची, स्क्रू मारायचे. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

"पाणी?" धाकटा वाकून विचारत होता. "बाबा, पाणी देऊ? कुठं दुखतंय? कुणाला बोलावू? आई? आईची आठवण येतेय?"

"ते सगळं विचारून झालंय," थोरल्याची बायको म्हणाली.

"मग न विचारलेलं काय राहिलंय, वहिनी?"

पदराला हात पुसून तिनं एकेक सेल उचलायला सुरुवात केली. एक पलंगाखाली गेला होता, तिथवर हात पोचेना.

"दादा, तू विचार ना. तुझ्याकडेच बघतायत ते."

"काय विचारू?" थोरला म्हणाला. "सांग, काय विचारू?"

बोट आत गेलं, बाहेर आलं.